वेशीतले गुडघे

आमचे ड्रॉइंग मास्तर बैलाला भीत. नुसते भीत म्हणणं म्हणजे त्यांच्या भीतीचा अपमान आहे. बाजाराच्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत, आणि इतर दिवशी समोरून गाडी आली की छत्री उघडून, तिच्या आड, भिंतीला पाठ लावून उभे राहत. बैलाला छत्री दिसते, माणूस दिसत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मी एकदा म्हटलं, “अहो, मग तो छत्रीला शिंग मारेल.” यावर त्यांनी बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून छत्री अंगापासून हातभर लांब धरायला सुरुवात केली.

बैलांखेरीज ते कुत्र्यांना, पालींना, विजेला आणि इन्स्पेक्टरला भीत. मलकापूरच्या स्टेशनवर मेल शिरताना ते तिकीटघराच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले मी स्वतः पाहिले आहेत. मात्र मलकापूरहून आमच्या गावापर्यंतचा दिवसभराचा प्रवास त्यांनी बैलगाडीतूनच केला होता. त्याला त्यांची हरकत नव्हती. गाडीत बसलं की बैलांची आपल्याकडे पाठ असते, असं ते म्हणाले.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, आणि आमच्या शाळेचा देशमुखांच्या ओट्यावरून. देशमुख लोकल बोर्डात होते. शाळेची जागा त्यांची, शाळेतलं घड्याळ आणि घंटा त्यांनी दिलेली. मी मराठी शिकवत असे, मास्तर चित्रकला. वयानं ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, शरीरानं किडकिडीत, आणि घरी जवळजवळ आंधळी झालेली म्हातारी आई. तिला ते स्वतः न्हाऊमाखू घालत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून चेष्टाही होई.

अशा या माणसाला वेड होतं ते शौर्याचं.

वर्गात दर वर्षी पहिल्या दिवशी ते मुलांना सांगत, “एक शूर माणूस काढा.” पोरं खूश. पाट्यांवर मिशा उगवत, तलवारी परजल्या जात, छात्या फुगत. मास्तर बाकांमधून फिरत आणि म्हणत, “छान. आता मिशा पुसा.” पोरं मिशा पुसत. “तलवार पुसा.” तलवार जाई. “आता सांगा, हा शूर आहे हे कशावरून?” पोरं पाटीकडे बघत. उरलेला माणूस लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघणारा वाटे. मास्तर म्हणत, “जे पुसल्यावर जातं ते शौर्य नव्हतं. उरलेलं काय ते वर्षभर शोधू.” वर्षभर शोधून काय सापडे देव जाणे, पण त्यांच्या हाताखालची पोरं हातापायांची चित्रं फार सुरेख काढत.

माझी आणि त्यांची वादावादी व्हायची ती पुस्तकांवरून. माझ्याकडून कादंबरी नेली की दोन दिवसांत परत. “यातल्या नायकाला भीती कुठल्या पानावर वाटते?”

“वाटतच नाही. तो वीर आहे.”

“मग तो पुतळा आहे. पुतळ्याला कसला आला धीर? त्याला पळताच येत नाही.”

मी तरुण होतो, वीररसाचे धडे खड्या आवाजात म्हणून दाखवत असे, त्यामुळे हे मला झोंबे. मी शास्त्र काढी. वीर रस वेगळा, भयानक वेगळा, एकाचा पाया उत्साह आणि दुसऱ्याचा भय, असं ठासून सांगे. मास्तर हसून म्हणत, “तुमच्या शास्त्रकारांची घरं मोठी. त्यांनी दोघांना वेगळ्या खोल्या दिल्या. माझ्याकडे एकच खोली आहे, त्यामुळे दोघं तिथंच राहतात.” मला राग येई. बैलाला पाहून छत्री उघडणाऱ्या माणसानं मला शौर्य शिकवावं, हा कुठला न्याय?

त्यांची आणखी एक खोड सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे. मास्तर एरवी अगदी पुस्तकी बोलत. पण आई इकडचीच, वरवट बकालकडची, आणि भीती वाटली की मास्तरांची पुस्तकी भाषा गळून पडे आणि आईची वऱ्हाडी बाहेर येई. “पाहा पाहा, समोरून एक श्वान येत आहे” असं सुरू झालेलं वाक्य “हाकला न त्याले बाप्पा!” असं संपे. त्यामुळे ते किती घाबरलेत हे त्यांच्या तोंडाकडे न बघताही कळे.

आता वेशीचं सांगितलं पाहिजे. गावाला दगडी वेस होती, जेमतेम एक गाडी जाईल एवढी अरुंद, दारं केव्हाच गेलेली. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत एकदा गावावर घोडी आली, दार लावायला वेळ नव्हता, तेव्हा देशमुखांच्या घराण्यातला एक पूर्वज एकटा वेशीत उभा राहिला आणि बायापोरं गढीत शिरेपर्यंत हलला नाही, अशी कथा. त्याची आठवण म्हणून चैत्रातल्या जत्रेत वेशीचं सोंग होई. दिवस मावळताना देशमुखांच्या घरातला कर्ता पुरुष अनवाणी वेशीत उभा राही. समोरच्या माळावरून तीन स्वार पेटते टेंभे घेऊन घोडी भरधाव सोडत आणि त्याच्या पुढ्यात येऊन लगाम खेचत. उभ्या माणसानं पाय हलवायचा नाही. मागं आतल्या चौकात बायका आणि पोरं दाटीनं बसलेली असत. फार पूर्वी एका देशमुखांचं पाऊल म्हणे एकदा मागं पडलं होतं. आमच्या गावात अडून मागं सरणाऱ्या बैलाला अजून त्यांच्या नावानं हाक मारत.

चौकाच्या मागच्या भिंतीवर, वेशीकडे तोंड करून, एक मोठा रंगवलेला पडदा टांगत. त्यावर तो पूर्वज. या पडद्याचेही नेम होते. कोऱ्या मांजरपाटावर ब्रश लागण्याआधी त्यापुढं नारळ फुटे. एकदा नारळ फुटला की ते कापड जत्रेत टांगायचंच, फाडायचं नाही की जाळायचं नाही. जीर्ण झालं म्हणजे पाडव्याला पूर्णेच्या डोहात सोडायचं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. पडदा जीर्ण झाला, आणि वीस-पंचवीस वर्षं वेशीत उभे राहणारे देशमुखांचे काका हिवाळ्यात वारले. म्हणजे यंदा देशमुखांनी स्वतः उभं राहायचं, आयुष्यात पहिल्यांदा. नव्या पडद्याचं काम अर्थातच आमच्या मास्तरांकडे आलं.

मास्तरांनी नारळ फोडला आणि पुढं आठ-दहा दिवस ब्रशला हात लावला नाही. एका सकाळी माझ्या दारात आले. हातात छत्री नव्हती, हे पाहूनच मी चमकलो.

“जरा माझ्याबरोबर चला. देवळाचा सांड पारापाशी बसला आहे. मला त्याच्यासमोर उभं राहायचं आहे.”

“कशाला?”

“गुडघे बघायचे आहेत. माझे. मी पळालो तर कोणत्या पायानं आधी पळालो ते लक्षात ठेवा.”

मला हसू आवरेना, पण पाराशी गेल्यावर ते आटलं. देवाला सोडलेला तो सांड एरवी गरीब, पण गेल्या पोळ्याला त्यानं एकाची बरगडी मोडली होती. मास्तरांनी वहाणा काढल्या, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलं आणि चालत चालत त्याच्या समोर गेले. सांड उठला. त्यानं मान खाली घातली आणि फुरफुरला. मी ओरडलो, “मास्तर, या मागं!” ते सांडाकडे बघतच नव्हते. मान वाकवून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते, वैद्य रोग्याच्या जिभेकडे बघतो तसे. गुडघे एकमेकांवर आपटत होते. सांडानं एक पाऊल पुढं टाकलं.

“पाह्यलं,” मास्तर पुटपुटले. “पाह्यलं, पाह्यलं, आता जाऊ दे न रे बाप्पा…” आणि मग जे पळाले ते थेट शाळेच्या ओसरीत. कोणत्या पायानं आधी, ते मी विसरलो. पण सांड गेल्यावर मी त्या जागी बघून आलो. तिथं मातीत त्यांच्या पायाच्या बोटांचे खोल खड्डे होते.

त्या दिवसापासून मास्तर शाळेच्या मोठ्या खोलीत कडी लावून रंगवत बसले. जत्रा दोन दिवसांवर आली तेव्हा देशमुख पडदा बघायला आले. आम्ही दोघंच तिथं होतो. पडदा जमिनीवर पसरलेला. देशमुख वहाणा काढून कडेनं चालत आले आणि पायांपाशी थांबले.

चित्रात वेस होती, टेंभ्यांचा लाल उजेड होता, घोड्यांचे नुसते पुढचे पाय दिसत होते. मध्ये तो माणूस. मिशी साधी. तलवार नाही, दोन्ही हात फाकून दगडांना धरलेले. तोंड घामेजलेलं. गुडघे आत वळून एकमेकांना टेकलेले, बघताना ते थरथरताहेत असं वाटावं असे. टाचा उचललेल्या. आणि दहाच्या दहा बोटं मातीत रुतलेली.

“हे कोन होय?” देशमुखांनी विचारलं.

“आपले पूर्वज.”

“आमचे आजे भेकड होते काय मास्तर?”

“भेकड असते तर गढीत असते. मी गढी रंगवली नाही, वेस रंगवली आहे.” मास्तरांची भाषा अजून पुस्तकी होती. “समोरून घोडी येत असताना ज्याचे गुडघे हलत नाहीत त्याला घोडी दिसत नसावीत. यांना दिसत होती. दिसत असून ते उभे राहिले. एवढंच मी काढलं.”

“गुडघे ताठ करा.” देशमुखांचा आवाज चढला नव्हता, पण कानशिलं लाल झाली होती. “परवा म्या उभा राह्यीन तथी. मागं हे असं टांगलं, तर लोक याच्या गुडघ्याइकडे पाह्यतीन अन् मंग माह्या. समजते काय तुमाले?”

मला समजलं. मास्तरांनाही समजलं असावं, कारण त्यांनी देशमुखांच्या पायांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“उद्या सांजपर्यंत ताठ करा, तलवार द्या, मिशीले पीळ द्या. नाई तर बुलढाण्याले अर्जी गेलीच समजा. तुमची नोकरी माह्या एका सहीवर हाये. म्हातारीले घेऊन कोठी जासान?”

खोलीत रंगांचा वास कोंडला होता. मी मास्तरांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हो म्हणा. दोन फटकारे मारायचे आहेत, हो म्हणा आणि मोकळे व्हा. त्यांच्या हातातल्या ब्रशावरून टिपूस टिपूस रंग जमिनीवर गळत होता.

“नाई,” मास्तर म्हणाले. “नाई होनार माह्याच्यानं. मारा, काढून टाका, काय करा लागते ते करा. गुडघे तेच राह्यतीन.”

त्या वऱ्हाडीनं माझ्या अंगावर काटा आला. या माणसाला किती भीती वाटते आहे ते मला नेमकं कळत होतं, आणि तो नाही म्हणत होता.

देशमुख पडद्याभोवती एक फेरी मारून आले. पडदा टाकून देता येत नव्हता, नारळ फुटलेला. जुना डोहात गेलेला. शेवटी ते म्हणाले, “उलटा टांगा. लोकाइले कोरी बाजू दिसू द्या.”

“उलटा टांगू नका,” मास्तर घाईनं म्हणाले. “खालच्या काठात ओवलेल्या वेळूचे नाडे चित्राच्या मागच्या अंगाला आहेत. उलट केलं तर ते भिंतीतल्या खुंट्यांना पोचणार नाहीत. पडदा खालून मोकळा राहील, वारा भरेल.”

“भरू द्या,” देशमुख म्हणाले आणि गेले.

मी मास्तरांच्या घरी गेलो. म्हातारी चुलीपाशी बसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग करून दे न ताठ. चितरातल्या गुडघ्यायनं आपलं काय खाल्लं?” मास्तर तिच्या ताटात भाकरी कुस्करत राहिले. थोड्या वेळानं ती स्वतःच म्हणाली, “तुह्या बापाले सांगतलं असतं तं त्यानं बी केलं नसतं. बेज्या हट्टी होता.” आणि जेवायला लागली.

अर्जी खरंच गेली. ती एकदा गेल्यावर देशमुखांनाही परत आणता आली नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मास्तरांची बदली झाली. त्यांना मलकापूरला पोचवायला देशमुखांनी आपली स्वतःची गाडी दिली, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधून, आणि स्वतः वेशीपर्यंत चालत आले. असं का झालं ते जत्रेच्या संध्याकाळी ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल.

त्या संध्याकाळी सातपुड्याकडून वारा सुटला होता. चौक बायापोरांनी भरलेला. मागच्या भिंतीवर पडदा उलटा, कोराच्या कोरा, आणि लोक एकमेकांना विचारत होते की चित्र कुठं गेलं. पडद्याचं कापड सारखं फुगत आणि भिंतीवर आपटत होतं. मास्तर खाली वाकून दोन्ही हातांनी वेळू दाबून धरत होते. कोणी त्यांना धरायला सांगितलं नव्हतं. मी बाजूच्या ओट्यावर होतो.

देशमुख वेशीत जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे, अनवाणी. डफडी वाजायला लागली. माळाच्या टोकाला तीन टेंभे पेटले.

घोडी सुटली. पहिला स्वार आला आणि देशमुखांच्या पुढ्यात लगाम खेचून डावीकडे वळला. दुसरा उजवीकडे. तिसरं घोडं त्या वर्षी नवं होतं, त्यानं जत्रा कधी पाहिलेली नव्हती. ते वेशीच्या तोंडाशी आलं, आणि त्याच वेळी वाऱ्याचा एक मोठा झोत आला. मास्तरांच्या हातांसकट वेळू उचलला गेला आणि तो पांढरा पडदा धाडकन फुगून वर आला. घोडं बिथरलं. स्वारानं लगाम खेचला तसं ते आणखी उधळलं आणि सरळ वेशीत घुसलं.

“हटा देशमुख! हटा!” कोणीतरी किंचाळलं. देशमुख हटले असते तर घोडं चौकात बायापोरांवर गेलं असतं. डफडी थांबली. मी ओट्यावरून त्यांच्याकडे बाजूनं बघत होतो, मला सगळं दिसत होतं. देशमुखांनी दोन्ही हात फाकवून वेशीचे दगड धरले. त्यांचं धोतर कमरेपासून खाली थरथरत होतं. गुडघे आत वळले, एकमेकांवर आपटले. टाचा उचलल्या गेल्या. मला वाटलं, पडले, आता पडले.

ते पडले नाहीत. घोडं त्यांच्या अगदी छातीशी येऊन मागच्या पायांवर उभं राहिलं, स्वार खाली कोसळला, टेंभा मातीत पडून विझला. घोडं वळून माळावर निघून गेलं.

जयजयकार झालाच नाही. सगळे बघत होते, कारण देशमुखांचे गुडघे अजून हलत होते आणि त्यांना ते थांबवता येत नव्हते. मागं एक तरुण फिस्सकन हसला आणि शेजारच्या म्हातारीनं त्याच्या मुस्काटात दिली.

देशमुख वळले. तसेच, लटपटत, चौकातून चालत भिंतीपाशी आले. मास्तर तिथंच होते, वेळू दोन्ही हातांनी छातीशी धरून, घोड्याच्या अगदी समोरच्या रेषेत. ते पळाले नव्हते. पडद्यामुळे त्यांना पुढचं काही दिसलंही नसेल, असं मी नंतर स्वतःला समजावून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. ते पडद्याच्या पुढच्या बाजूला होते.

देशमुख वरचे नाडे सोडायला लागले. बोटं चालेनात. मास्तरांनी वेळू खाली ठेवला आणि दुसऱ्या टोकाचे नाडे सोडले. दोघांनी मिळून पडदा सुलटा केला, बांधला, खालचे नाडे खुंट्यांना आवळले. मग देशमुख चार पावलं मागं सरले आणि सगळ्या गावादेखत त्या चित्राकडे बघत उभे राहिले. लोकांनी चित्रातले गुडघे पाहिले, मग देशमुखांचे पाहिले. कोणी हसलं नाही. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला.

“मास्तर,” देशमुख म्हणाले. आवाज बसला होता. “हे तुमाले कसं मालूम झालं? म्या तं आज पह्यल्यांदा उभा राह्यलो. कोनाचे होय हे गुडघे?”

मास्तरांनी देशमुखांच्या पायांकडे पाहिलं, मग वेशीकडे. तिथल्या मातीत दहा बोटांचे खड्डे होते.

“माहे होय, देशमुख,” ते म्हणाले. “माहेच होय.”